रोझेटा 2 : इंटेलची जुनी सॉफ्टवेअर एम1 मॅकवर, एका सीझनचा अनुभव

जळगावात आमचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे. दिवाळीआधी जुना इंटेलवाला आयमॅक बसला, ऐन सीझन तोंडावर, म्हणून सेकंडहँड एम1 (अ‍ॅपलचा स्वतःचा प्रोसेसर) मॅकबुक एअर घेतला. गोलाणी मार्केटमधला ओळखीचा पोरगा बोलला, भाऊ प्रोसेसर वेगळाय, इंटेलसाठी बनवलेलं यावर सरळ चालणार नाही, मधे रोझेटा, म्हणजे इंटेलचं सॉफ्टवेअर इथे चालवून देणारा अ‍ॅपलचा दुभाषी, लागेल. धडकीच भरली.

पण खरं सांगतो, जीव भांड्यात पडला. इंटेलचं अ‍ॅप पहिल्यांदा उघडलं की मॅक स्वतःच रोझेटा टाकू का विचारतो, हो म्हणायचं बस. पहिल्या वेळी डॉकमधे आयकॉन बराच वेळ उड्या मारतो कारण तेव्हा इंटेलच्या कोडचं एआरएममधे, म्हणजे एम1 च्या भाषेत, भाषांतर करून ते साठवून ठेवतं, दुसऱ्यांदा उघडा, पटकन उघडतं.

फोटोशॉप 2022 तर एम1 साठी बनलेलंच आहे, तरी फिल्टर मेनूत माझं स्किनचं प्लगइन गायब! दोन दिवस डोकं फोडलं. प्लगइन इंटेलचं होतं आणि एकाच अ‍ॅपमधे दोन्ही प्रोसेसरचा कोड एकत्र चालत नाही, मग फोटोशॉपच्या गेट इन्फोमधे जाऊन 'ओपन युजिंग रोझेटा'वर टिक केलं, प्लगइन परत आलं. अ‍ॅप थोडं जड होतं पण हळदीचे चारशे फोटो आरामात निघाले. मे महिन्यात दुपारी मात्र मोठी बॅच लावू नका, एअरला फॅन नाही, तापला की स्लो होतो.

जे चाललंच नाही ते अल्बमचं सॉफ्टवेअर. त्याला यूएसबी डोंगल (लायसनची किल्ली) लागतो, डोंगलचा ड्रायव्हर कर्नल एक्स्टेन्शन, म्हणजे थेट सिस्टमच्या गाभ्यात बसणारा कोड, आणि रोझेटा ते भाषांतर करतच नाही. कंपनीला तीन मेल केले, उत्तर नाही, पैसे भरून घेतलेलं लायसन आहे हो! शेवटी आयमॅक रिपेअर करून फक्त त्या डोंगलसाठी कोपऱ्यात ठेवलाय.

अजून एक, पहिलं रोझेटा 2006 ला आलं आणि 2011 च्या लायन या मॅकच्या सिस्टममधे काढून टाकलं. 2020 च्या या रोझेटाबद्दल अ‍ॅपलने मॅकओएस 27 पर्यंतच पूर्ण सपोर्ट सांगितलाय, नंतर फक्त काही जुन्या गेमपुरतं. म्हणून एम1 मॅक घेण्याआधी जुन्या मॅकवर सिस्टम इन्फॉर्मेशनमधे अ‍ॅप्लिकेशन्सची यादी उघडा, काइंडच्या रकान्यात 'युनिव्हर्सल' (दोन्ही प्रोसेसरसाठी बनलेलं) असेल तर बिनधास्त, 'इंटेल' असेल त्या कंपनीला आधी फोन लावा, आणि डोंगल असेल तर दुकानातच लावून बघा.