लाखेच्या रंगीत कांड्या: खेळण्यांचा रंग पटाशीच्या मुठीवर कसा टिकतो

कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाकडी खेळणी ज्या लाखेच्या कांड्यांनी रंगवतात, त्याच कांड्या सुट्याही विकत मिळतात. लेथ (लाकूड गोल फिरवून कातायचं यंत्र) हाताशी असेल तर पटाशी, कानस, गिरमिट यांच्या मुठींसाठी त्या घ्याव्यात का? आमचं मत: जरूर घ्याव्यात, पण रंगीत पट्ट्या काढण्यापुरत्या. अख्खी मूठ लाखेनं मढवणाऱ्याची निराशा होईल. घामेजल्या हातात ती निसटते, आणि मोगरीचा (लाकडी हातोड्याचा) मार बसला की टोकाकडून टवके उडतात.

आधी कांडीबद्दल. लाख तापवून मऊ करतात, तीत रंग मळतात आणि हातानं वळून कांडी करतात. लाख कुठल्या झाडावरची यानं बराच फरक पडतो. कुसुंबावरची कुसमी लाख फिकट असते, त्यामुळे पिवळा आणि नारिंगी स्वच्छ उठतात. पळस-बोरीवरची रंगीनी लाख मुळातच तांबूस. तिच्यातला पिवळा मातकट दिसतो. लाल-काळ्याला मात्र ती चालून जाते, तिथे जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

खरा धोका भेसळीचा. स्वस्त कांडीत राळ घालतात, तीच रोझिन जी सोल्डरिंगवाले वापरतात. अशी कांडी लेथवर छान वितळते, चकाकतेही. पण उन्हाळ्यात मूठ हाताला चिकटू लागते. घरच्या घरी ओळखायचं तर कांडीचा थोडा भुगा टर्पेंटाइनमध्ये टाकून ढवळा. राळ विरघळते, लाख विरघळत नाही. स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये, दोन्ही विरघळतात, म्हणून स्पिरिटची परीक्षा इथे कामाची नाही. रंग कोणते घातलेत हेही विक्रेत्याला विचारा. जुन्या लाखकामात हरताळ आणि हिंगूळ वापरत, म्हणजे आर्सेनिक आणि पारा. त्यामुळे जुनी रंगीत मूठ दुरुस्तीला आली तर तिला कोरडा पॉलिश पेपर मारून धूळ उडवू नका. स्पिरिटच्या बोळ्यानं रंग सोडवा.

आता लाकूड. खेळण्यांना काळा कुडा वापरतात, कारण तो पांढुरका, बारीक पोताचा आणि लेथवर लोण्यासारखा कापला जातो. हातानं ढकलायच्या पटाशीला किंवा कानशीला तो चालेल, मार खाणाऱ्या मुठीला नाही. हेद हा मधला चांगला पर्याय: पोत बारीक, रंग पिवळसर. बाभूळ मुठीला दणकट, पण तिची छिद्रं मोठी. लाख त्यांवरून पूल बांधल्यासारखी जाते आणि नंतर तिथेच बारीक खड्डे पडतात. शिसवीवर फिकट रंग मरतात, शिवाय तिच्यातल्या नैसर्गिक तेलामुळे लाखेची पकडही कमी. लाकूड पूर्ण सुकलेलं हवं. ओल राहिली तर घर्षणाच्या उष्णतेनं आत वाफ होते, लाखेखाली फोड येतात आणि ते फुटले की पापुद्रा निघतो. तक्रारींतला मोठा वाटा या एका कारणाचा असतो, दोष मात्र कांडीला दिला जातो.

साधारण ३५ मि.मी. चौकोनी, १५० मि.मी. लांब तुकडा घ्या. पातं शिरतं त्या टोकाची पितळी कडी आधी बसवा, मग मूठ कातून ३० मि.मी.वर आणा. २४० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासलं की पुरे. त्याहून गुळगुळीत केल्यास लाखेला धरायला जागा उरत नाही. तेल किंवा मेण या टप्प्यावर अजिबात नको. पट्ट्यांच्या सीमा तिरक्या पटाशीच्या टोकानं १ मि.मी. खोल खाचून घ्या. ही खाच नुसती शोभेची नाही, वितळलेला रंग शेजारच्या पट्टीत घसरण्यापासून तीच अडवते. काळी रेघ हवी असेल तर रंगाआधीच फिरत्या मुठीच्या खाचेत पोलादी तार दाबून घर्षणानं खाच जाळून घ्या. तारेच्या दोन्ही टोकांना लाकडी गुल्ल्या बांधा. तार बोटाला गुंडाळली आणि ती अडकली तर बोट जाईल. हातमोजे आणि लांब बाह्या लेथवर नकोतच.

३० मि.मी. जाडीला मिनिटाला १२०० ते १५०० फेरे ठीक. कांडीचं टोक फिरत्या लाकडावर टेकवून दाबा. साधारण ७० ते ८० अंश सेल्सियसला लाख मऊ होऊन वितळते, आणि ही उष्णता घर्षणातूनच मिळते. पहिला थर ठिपक्या-ठिपक्यांचा, खडबडीत येतो. त्यानं घाबरून कांडी पुन्हा पुन्हा घासू नका. बांबूची चपटी पट्टी दाबून तो पसरवा, कमी पडेल तिथेच कांडी परत टेकवा. शेवटी केवड्याचं किंवा ताडाचं सुकं पान दुमडून दाबा आणि डावीकडून उजवीकडे सावकाश न्या. पानाच्या चिवट, किंचित मेणचट पृष्ठभागानं जी चकाकी येते ती चिंधीनं येत नाही. चिंधी लाखेला चिकटते, आणि लेथमध्ये गुंडाळली जाण्याचा धोका वेगळाच. कांड्यांच्या काही संचांत पान येतं, काहींत येत नाही. कोकणातल्यांना त्याची चिंता नको. पुण्या-मुंबईत आधी पान शोधा, मग कांड्या मागवा.

क्रम पाळा: पिवळा आधी, मग नारिंगी, लाल, हिरवा, शेवटी काळा. उलट गेलात तर पिवळ्या कांडीच्या टोकाला लाल लागतो आणि पुढची प्रत्येक पिवळी पट्टी घाण येते. दर रंगाला बांबूची वेगळी पट्टी ठेवा.

बिघाड ओळखायला सोपे आहेत. गोल कड्यांसारखे उंच-सखल वळ उठले तर वेग कमी पडला किंवा थंडीत कांडी कडक आहे. टोक जरा कोमट करून घ्या. रंग करपून तपकिरी झाला तर दाब जास्त झाला. थर नखानं सुटतो आहे म्हणजे लाकडावर धूळ, तेल किंवा ओल होती. आणि थर जाड चढवला असेल तर त्याला तडा जाणारच, कारण लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि जाड लाख त्याच्यासोबत हलत नाही. पातळ थर वर्षानुवर्षं राहतो.

पट्ट्या कुठे काढायच्या? कडीपासून ५ मि.मी. सोडून पहिली, आणि तळहात संपतो तिथे दुसरा गट. मधला पकडीचा भाग उघडा ठेवा. मार बसणारं टोकही किमान १२ मि.मी. उघडं हवं. या उघड्या जागांना लाखकाम झाल्यावर उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्या. तेलाचे बोळे चुरगाळून टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा.

देखभालीत दोन गोष्टी लाखेला मारक: स्पिरिट आणि सोडा. सॅनिटायझर लावलेल्या हातानं मूठ धरली तर पट्टीवर बोटांचे ठसे उमटतात. पाण्यानं लाख विरघळत नाही, पण ओली पडून राहिली तर पांढुरकी होते. मे महिन्यात तापलेल्या गाडीच्या डिकीत लाख मऊ पडते, म्हणून तिथे हत्यारांची पेटी ठेवणाऱ्यांनी हा नाद करूच नये.

हातोडी, कुऱ्हाड, वाकस यांच्या लंबगोल दांड्यांना या कांड्या निरुपयोगी, कारण ते लेथवर गोल फिरत नाहीत. तिथे ब्रशनं रंगाचे पट्टे ओढून, ते वाळल्यावर चपडा लाखेचं (शुद्ध करून पातळ पापुद्रे केलेल्या लाखेचं) पातळ पॉलिश द्या: ५०० मि.ली. स्पिरिटमध्ये १०० ग्रॅम चपडा, रात्रभर भिजवून गाळलेला. त्यावर पॉलियुरेथेन चढवायचा बेत असेल तर मेण काढलेला चपडा घ्या, नाहीतर वरचा थर धरत नाही.

पहिल्या खरेदीत मोठा संच नको. लाल, पिवळी, काळी अशा तीन कांड्या पुरतात. निळी आणि हिरवी नंतर बघू.