एसएसडीतली मोकळी जागा: पार्टिशनबाहेर सोडावी की आतच राखावी?
नागपुरात सीताबर्डीवरून १ टीबीची एसएसडी (फ्लॅश चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह) आणली की प्रश्न येतो: थोडी जागा पार्टिशन न करताच, म्हणजे ड्राइव्हच्या कुठल्याच विभागात न घेता सोडायची, की सगळी घेऊन थोडी रिकामी ठेवायची?

घरच्या कॉम्प्युटरला दुसरा मार्ग पुरतो. ट्रिम (कुठली जागा मोकळी झाली हे ड्राइव्हला कळवणारी कॉम्प्युटरची आज्ञा) चालू असेल तर पुसलेल्या फायलींची जागा कंट्रोलरला, म्हणजे ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपला, कळते आणि तो ती राखीव जागेसारखीच वापरतो. अडचण आपल्या स्वभावाची. ड्राइव्ह भरत आल्याची लाल पट्टी दिसेपर्यंत आवरतो कोण?

महाल भागात लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याचं गणित वेगळं. त्याची ड्राइव्ह कायम काठोकाठ. फ्लॅशमध्ये जुन्यावर नवं थेट लिहिता येत नाही. आख्खा ब्लॉक, म्हणजे जागेचा मोठा गठ्ठा, पुसावा लागतो, त्याआधी त्यातला कामाचा डेटा दुसरीकडे हलवावा लागतो. जागा नसली की ही हलवाहलव वाढते, वेग पडतो, झीजही जास्त. त्याने १० टक्के पार्टिशनबाहेर सोडावेतच, तेही ड्राइव्ह नवी असताना. वापरलेल्या ड्राइव्हवर पार्टिशन नुसतं लहान केलं आणि ती जागा ट्रिम झाली नाही, तर कंट्रोलरच्या लेखी ती भरलेलीच.

आणि मे महिन्यात ४५ अंशांत ड्राइव्ह मंदावली, तर आधी हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) बघा.