भाडेव्यवस्थापन सेवा: दोन वर्षांचा अनुभव

भाड्याने दिलेल्या घराची देखभाल एका व्यवस्थापन संस्थेकडे सोपवून मला 2 वर्षे झाली असून, या काळात सर्वांत उपयोगी ठरली ती ताबा देतानाची त्यांची नोंद. प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढून, भिंतींवरचे ओरखडे आणि वीजमीटरचे आकडे लिहून त्यांनी दोन्ही पक्षांच्या सह्या घेतल्या होत्या. त्यामुळे पहिले भाडेकरू घर सोडून गेले तेव्हा रोजच्या वापराने फिकटलेला रंग आणि ओट्याला गेलेला तडा यांत फरक करणे सोपे गेले आणि अनामत रकमेतून केवळ ओट्याच्या दुरुस्तीचा खर्च वजा झाला. घर पाहायला जाण्यापूर्वी भाडेकरूंना लेखी कळवून त्यांच्या सोयीची वेळ घ्यावी, हा संस्थेचा आग्रह मला सुरुवातीला जाचक वाटला होता (घर तर माझेच!), परंतु त्यानंतर भाडेकरू लहानसहान बिघाड स्वतःहून कळवू लागले.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र ही सेवा कमी पडते. न्हाणीघरातील गळतीच्या तक्रारीची पोच तत्काळ मिळाली, पण प्लंबर आला तो 9 दिवसांनी, आणि तोवर नळाखाली बादली ठेवून भाडेकरूंनी दिवस काढल्याचे मला त्यांच्याच फोनवरून समजले. मासिक हिशेब वेळेवर येतो. दुरुस्तीची मुदत लिहून घेऊनच मी करार पुढे वाढवला आहे.