ड्युमाँट बुडालं, एबीसी तरलं

1950च्या सुमारास अमेरिकन टीव्हीवर एनबीसी आणि सीबीएसचा दबदबा. ड्युमाँट आणि एबीसी ही दोन छोटी नेटवर्क कशीबशी तग धरून होती. ड्युमाँटकडे माणसं गुणी. विनोदी नट जॅकी ग्लीसन तिथेच गाजला, पण 1952मध्ये सीबीएसनं जास्त पैसे मोजून त्याला पळवला. ड्युमाँटचं पिट्सबर्गचं टीव्ही स्टेशन म्हणजे दुभती गाय. रोकडीसाठी तेही विकलं. मग उरलं काय? 1956मध्ये कारभार आटोपला.

माझ्या मते फरक कार्यक्रमांपेक्षा भांडवलाचा. 1953मध्ये युनायटेड पॅरामाउंट थिएटर्स या सिनेमागृहांच्या कंपनीशी विलीनीकरण झालं आणि एबीसीच्या हाती पैसा खुळखुळू लागला. एबीसीचा नवा प्रमुख लिओनार्ड गोल्डन्सननं डिस्नेलँड पार्कमध्ये 5 लाख डॉलर घातले, बदल्यात डिस्नेची मालिका मिळवली. गंमत म्हणजे 1996मध्ये डिस्नेनंच एबीसी विकत घेतलं!