टीडीएस पेन आणि पीएच पेन : नऊ महिने वापरल्यावर

गेल्या पावसाळ्यात पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस पेन आणि पाणी किती आम्ल आहे ते मोजणारं पीएच पेन, अशी दोन्ही मागवली. टीडीएसचं अडीचशेला पडलं, पीएचचं साडेपाचशेला. घरात कोकोपीटमध्ये लावलेल्या सतरा कुंड्या आहेत, बहुतेक मॉन्स्टेरा, पीस लिली आणि मनी प्लांट. खत विद्राव्य १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के), पाणी सोसायटीच्या बोअरचं.

टीडीएस पेनाने पहिल्याच दिवशी पैसे वसूल केले. आमचं बोअरचं पाणी ६२० पीपीएम (साधारण लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम क्षार) दाखवतं, आरओचं ४०. म्हणजे खताचा कणही पडायच्या आत झाडाला एवढे क्षार जात होते! तेव्हापासून दोन्ही पाणी निम्मं निम्मं घेते. एक मात्र लक्षात ठेवा, हे पेन पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे ईसी मोजतं आणि तिला ठरावीक गुणकाने गुणून पीपीएम दाखवतं. १.४ ईसी एका पेनावर ७०० दिसते, दुसऱ्यावर ९८०. म्हणून कुणी "८०० ठेवा" म्हणालं तर कोणत्या पेनावर, ते आधी विचारा. मी वहीत फक्त ईसी लिहिते.

माझी मोठी चूक युरियाने झाली. १९:१९:१९ मधला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो. युरिया विरघळतो, पण त्याचे आयन होत नाहीत, त्यामुळे तो पेनाला दिसतच नाही. आकडा कमी वाटला म्हणून मी खत वाढवत गेले. पुढे कुंडीतले जिवाणू त्याचं अमोनियम आणि नायट्रेट करतात, तेव्हा कुठे तो ईसीत उतरतो. पीस लिलीच्या पानांची टोकं करपली, कुंडीच्या कडेला पांढरी खरबरीत खपली धरली. तेव्हा पहिल्यांदा कुंडीखालच्या ताटलीत उतरलेलं पाणी स्टीलच्या वाटीत घेऊन मोजलं. वरून ओतलं होतं १.१ ईसीचं आणि खालून आलं २.९! इतके दिवस मी फक्त बादली मोजत होते. कुंडी न्हाणीघरात नेऊन आरओच्या पाण्याने निथळवली, खालचा आकडा १.२ च्या आत येईपर्यंत. तीन आठवड्यांनी उलगडलेलं पान टोकापर्यंत हिरवंगार होतं. आता खत छोट्या काट्यावर तोलून लिटरला अर्धा ग्रॅम घालते आणि महिन्यातून एकदा प्रत्येक कुंडीचं निथळलेलं पाणी मोजते.

पीएच पेनाचं मात्र करावं लागतं. नोव्हेंबरात मॉन्स्टेराची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसायला लागल्या. पीएच ७ च्या वर गेला की झाडाला लोह मिळेनासं होतं, त्याचीच ही खूण. पण पेन सांगत होतं ६.१. शंका आली म्हणून पेन तपासायची, बरोबर ६.८६ पीएचचं द्रावण होणारी पुडी पाव लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून पेन बुडवलं, तर आकडा आला ५.८! म्हणजे पेन एका अंकाने कमी दाखवत होतं, आणि पीएचमध्ये एक अंक म्हणजे दहापट फरक. दोष माझा होता, मी पेन आरओच्या पाण्यात बुडवून ठेवत होते. त्याच्या काचेच्या फुग्याला पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण लागतं. रात्रभर त्यात ठेवल्यावर पेन ताळ्यावर आलं. आता टोपणात त्याचेच थेंब असतात आणि दर रविवारी ६.८६ आणि ४.०१ च्या द्रावणांत बुडवून पेन त्या आकड्यांवर लावून घेते.

पीएच उतरवायला आधी सायट्रिक ॲसिड वापरलं, पण बादलीत दोन दिवसांत तो पुन्हा वर चढला. फॉस्फोरिक ॲसिडवाल्या द्रावणाने टिकतो.

टीडीएस पेन डोळे झाकून घ्या. रविवारचं काम जमणार नसेल तर पीएचसाठी थेंबांची बाटली बरी, रंग बघून अर्ध्या अंकापर्यंत कळतं. माझ्या पीएच पेनाला आकडा स्थिरायला आता मिनिट लागतं, आधी दहा सेकंद पुरायचे. पुढचं घेताना इलेक्ट्रोड बदलता येणारंच घेणार आहे.