टॅबलेटवर कोड लिहायचा असेल, तर तो चालणार कुठे ते आधी ठरवा

टॅबलेटवर प्रोग्रामिंग जमेल का, असं विचारणारा माणूस लगेच नावांवर येतो: आयपॅड घेऊ, अँड्रॉइड घेऊ की विंडोजचा सरफेस? माझ्या मते त्याआधी एक गोष्ट ठरायला हवी. तुम्ही लिहिलेला कोड टॅबलेटच्याच प्रोसेसरवर चालणार आहे, की दूरच्या एखाद्या सर्व्हरवर? एवढं ठरलं की तिघांमधली निवड पटकन होते. ते न ठरवता घेतलेला टॅबलेट कितीही वेगवान असो, शेवटी व्हिडिओ पाहण्यापुरताच उरतो, आणि अशा महागड्या वस्तूचं तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

नुसत्या बोटांनी किती काम होतं

कोड वाचायला टॅबलेटसारखं साधन नाही. लांबलचक फाइल बोटाने सरकवत जाणं, दुसऱ्याने केलेले बदल तपासणं, एखाद्या ओळीवर शेरा मारणं ही कामं मला लॅपटॉपपेक्षा टॅबलेटवर जास्त आवडतात. चुकलेलं चलाचं नाव सुधारणं, एखादी अट उलटी करणं इथपर्यंतही बोटं पुरतात. नवीन फाइल पहिल्या ओळीपासून लिहायला घेतली की मात्र अडचणी सुरू होतात.

आडव्या धरलेल्या टॅबलेटवर पडद्यावरचा कीबोर्ड जवळजवळ अर्धी जागा खातो. उरलेल्या पट्टीत एडिटर (कोड लिहायची खिडकी), त्रुटींची यादी आणि टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) हे सगळं बसवायचं. शिवाय साध्या लिखाणात पुढचा शब्द सुचवून कीबोर्ड मदत करतो. कोडमध्ये महिरपी कंस, अंडरस्कोर, अर्धविराम आणि उभी रेघ यांचाच भरणा असतो आणि ही चिन्हं एक-दोन पडदे आत दडलेली असतात. आयपॅडवर कळ दाबून बोट खाली ओढलं की तिच्यावरचं दुसरं चिन्ह उमटतं, ही सोय चांगली आहे. पण इथे अँड्रॉइड स्पष्टपणे पुढे आहे, कारण तिथे कोड लिहिणाऱ्यांसाठीच बनवलेला कीबोर्ड बसवता येतो. ‘अनएक्स्पेक्टेड कीबोर्ड’ नावाच्या ॲपमध्ये प्रत्येक कळीच्या चार कोपऱ्यांत चिन्हं असतात, आणि कंट्रोल, एस्केप, टॅब, बाणांच्या कळा सगळं जागेवर मिळतं. टचवरच काम करायचा हट्ट असेल, तर अँड्रॉइड घेण्यासाठी हे एकच कारण पुरेसं आहे.

कर्सर हलवण्यात मात्र आयपॅड सरस. कीबोर्डवर दोन बोटं टेकवली की अख्खा कीबोर्ड ट्रॅकपॅड होतो आणि कर्सर कुठेही नेता येतो. अँड्रॉइडच्या जीबोर्डवर स्पेसबारवरून बोट घासून तो डावी-उजवीकडे सरकतो, वर-खाली नेण्यासाठी पुन्हा पडद्यावर टॅप करावा लागतो. मजकूर निवडणं दोन्हीकडे कटकटीचं, आणि त्याचं कारण मापात आहे. ॲपल बोटासाठी निदान ४४ पॉइंटची जागा ठेवायला सांगतं, गूगल ४८ डीपीची (दोन्ही पडद्यावरची मापं). कोडची एक ओळ साधारण २० पॉइंट उंच असते. म्हणजे बोटाखाली एकाच वेळी दोन ओळी येतात.

आयपॅडवर एक सेटिंग पहिल्याच दिवशी बंद करा: सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, स्मार्ट पंक्चुएशन. ते चालू असेल तर सरळ अवतरणचिन्हांची वाकडी होतात आणि दोन वजाचिन्हांची एक लांब रेघ. पायथन अशा फाइलला ‘इनव्हॅलिड कॅरॅक्टर’ म्हणून नाकारतो, आणि नवशिक्याला डोळ्यांनी फरक दिसत नाही. कोडसाठीचे चांगले एडिटर हे आपणहून थांबवतात, पण नोट्समध्ये लिहून मग चिकटवलेला कोड हमखास यात सापडतो. वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करणं आणि दोनदा स्पेस दाबल्यावर पूर्णविराम देणं, हेही तिथेच बंद करून टाका.

कीबोर्ड जोडल्यावर

मग तिन्ही टॅबलेट टायपिंगपुरते जवळपास सारखे होतात. आयपॅडला माउस आणि ट्रॅकपॅडचा पूर्ण आधार मार्च २०२० मध्ये, आयपॅडओएस १३.४ बरोबर मिळाला. त्याच वर्षी आलेल्या मॅजिक कीबोर्डला एस्केपची कळ नव्हती. वरची फंक्शन कळांची रांग २०२४ च्या आयपॅड प्रोसोबतच्या कीबोर्डात आली. विम हा सतत एस्केप लागणारा एडिटर वापरणाऱ्याने जुना कीबोर्ड घेतला तरी बिघडत नाही, हार्डवेअर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये कॅप्स लॉकलाच एस्केप करता येतं. कुठलाही साधा ब्लूटूथ कीबोर्डही चालतो.

वजनाचा हिशेब मात्र प्रामाणिकपणे करा. २०२० चा मोठा आयपॅड प्रो आणि त्याचा ट्रॅकपॅडवाला कीबोर्ड मिळून १.३ किलोच्या वर जातात, म्हणजे त्याच वर्षीच्या मॅकबुक एअरपेक्षा किंचित जास्तच. कीबोर्ड कायम जोडूनच वापरणार असाल आणि हलकेपणासाठी टॅबलेट घेत असाल, तर हे गणित सुटत नाही.

कोड टॅबलेटवरच चालवायचा असेल तर

विंडोजबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सरफेस हा टॅबलेटच्या अंगाचा पूर्ण संगणक आहे. व्हीएस कोड हा एडिटर, हवा तो कम्पायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम), डब्ल्यूएसएल या विंडोजच्याच सोयीतून लिनक्स, सगळं लॅपटॉपसारखंच. एआरएम या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरचं मॉडेल घेत असाल तर तुमच्या कामाची साधनं त्यावर चालतात का, एवढं तपासा. उणीव आहे ती स्पर्शात. २०२१ मध्ये विंडोज ११ ने वेगळा टॅबलेट मोड काढूनच टाकला, आणि व्हीएस कोडचे बारीक मेनू माउससाठी बेतलेले आहेत. कोडसाठी तिघांत सर्वात समर्थ, आणि हातात धरून वापरायला सर्वात अवघड.

अँड्रॉइडवर सगळी मदार टर्मक्स या ॲपवर. रूट न करता, म्हणजे सिस्टिमची कुलपं न तोडता, तुम्हाला टर्मिनल मिळतं, आणि त्यात पायथन, क्लँग (सीचा कम्पायलर), नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम), गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), विम एकेका आज्ञेत बसतात. इंटरनेट नसतानाही प्रोग्राम लिहायचा, कम्पाइल करायचा, चालवायचा हे स्वातंत्र्य आयपॅडवर इतकं मोकळं नाही, आणि शिकणाऱ्यासाठी मला ते फार मोलाचं वाटतं. टर्मक्स एफ-ड्रॉइड या मुक्त ॲप्सच्या दुकानातून किंवा गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरूनच घ्या. अँड्रॉइड १० पासून नव्या ॲपला स्वतःच्या फोल्डरमध्ये उतरवून घेतलेली फाइल थेट चालवायला मनाई आहे, आणि टर्मक्सचं सगळं काम नेमकं त्यावर उभं असल्यामुळे प्ले स्टोअरचा रस्ता त्याच्यासाठी अडचणीचा झाला.

दोन खाचखळगे आधीच माहीत असलेले बरे. पहिला, अँड्रॉइड १२ पासून ॲप्सनी सुरू केलेल्या उपप्रक्रियांवर एकूण ३२ ची मर्यादा आली. मोठा प्रकल्प कम्पाइल होत असताना टर्मक्स अचानक ‘सिग्नल ९’ म्हणत बंद पडलं, तर बहुधा हेच कारण असतं. अँड्रॉइड १४ पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये हे बंधन उठवता येतं. दुसरा, अँड्रॉइडची मूळ सी लायब्ररी नेहमीच्या लिनक्सपेक्षा वेगळी आहे. म्हणून नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीसारख्यांची लिनक्ससाठी तयार केलेली पॅकेजेस पिप या पायथनच्या साधनाने थेट बसत नाहीत, ती टॅबलेटवरच कम्पाइल व्हायला लागतात आणि बऱ्याचदा अर्ध्यावर अडकतात. टर्मक्सची स्वतःची पॅकेजेस वापरा, नाहीतर प्रूट-डिस्ट्रो या साधनाने आत डेबियन हे नेहमीचं लिनक्स बसवा. मार्च २०२५ मध्ये गूगलने पिक्सेल उपकरणांवर डेबियनचं खरं व्हर्च्युअल मशीन देणारं लिनक्स टर्मिनल आणलं. ते तुमच्या मनातल्या मॉडेलवर आहे का, हे खरेदीआधी पाहण्यासारखं आहे. एवढ्या खोलात जायचंच नसेल आणि फक्त पायथन शिकायचं असेल, तर पायड्रॉइड ३ हे ॲप बसवून मोकळे व्हा.

आयपॅडचं हार्डवेअर उत्तम, अडथळा नियमांचा आहे. ॲप स्टोअरच्या नियमांनुसार ॲपने बाहेरून कोड आणून स्वतःची कार्यं बदलायची नसतात. शिकवणाऱ्या ॲप्सना काही अटींवर सूट आहे. शिवाय सामान्य ॲपला चालू असताना यंत्रभाषेचा नवा कोड तयार करण्याची परवानगी नाही, म्हणून जावासारख्या भाषांची चाकं इथे रुततात. तरीही जे आहे ते कौतुकास्पद आहे. ए-शेल या टर्मिनल ॲपमध्ये पायथन आहे, आणि सी भाषेचा प्रोग्राम वेबअसेंब्लीत (ब्राउझरला चालवता येणाऱ्या कोडमध्ये) बदलून चालवता येतो. आयएसएच हे ॲप तर ३२ बिटच्या एक्स८६ प्रोसेसरची नक्कल करून अल्पाइन लिनक्स चालवतं. छोट्या स्क्रिप्टला ठीक, जड कामाला फारच संथ. गिटसाठी वर्किंग कॉपी आणि लिहायला टेक्स्टॅस्टिक ही ॲप्सची जोडी एकमेकांच्या फाइली थेट उघडते, आणि टचवर गिट हाताळण्याचं इतकं नेटकं काम मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

ॲपलची स्विफ्ट ही भाषा शिकणाऱ्याला मात्र आयपॅडच. डिसेंबर २०२१ च्या स्विफ्ट प्लेग्राउंड्स ४ पासून ॲप आयपॅडवरच बनवून ॲप स्टोअरकडे पाठवता येतं. मॅकवर ॲप बनवायचं पूर्ण साधन, एक्सकोड, मात्र आयपॅडवर नाही.

कोड दूर चालवायचा असेल तर

इथे चित्र उलटतं. सगळं जड काम सर्व्हर करणार असेल, तर टॅबलेटकडे फक्त चांगला पडदा, चांगला कीबोर्ड आणि दिवसभर टिकणारी बॅटरी हवी. या तिन्हींत आयपॅड खणखणीत आहे आणि त्याच्या नियमांचा जाच इथे उरत नाही.

एसएसएचने, म्हणजे टर्मिनलमधून सुरक्षितपणे, सर्व्हरला जोडणार असाल तर एक लक्षात घ्या: तुम्ही दुसऱ्या ॲपमध्ये गेलात की आयपॅड मागचं ॲप थोड्याच वेळात गोठवतो आणि जोडणी तुटते. याला उत्तर मॉश हे साधन. ते यूडीपीवर (सलग जोडणी न लागणाऱ्या पद्धतीवर) चालतं, नेटवर्क बदललं किंवा टॅबलेट झोपला तरी सत्र पुन्हा पकडतं, आणि जोडणी मंद असली तरी तुम्ही टाइप केलेलं अक्षर अंदाजाने लगेच दाखवतं. आयपॅडवर ब्लिंक या टर्मिनल ॲपमध्ये ते तयार मिळतं, अँड्रॉइडवर टर्मक्समध्ये बसवता येतं. सर्व्हरवर टीमक्स (टर्मिनलचं सत्र जिवंत ठेवणारा प्रोग्राम) चालू ठेवा, म्हणजे काहीही तुटलं तरी काम जिथल्या तिथे सापडेल. अँड्रॉइडवर टर्मक्सला बॅटरी बचतीच्या यादीतून वगळायला विसरू नका.

टर्मिनल नको असेल तर ब्राउझर. गिटहबवरच्या कुठल्याही प्रकल्पात पूर्णविरामाची कळ दाबली की एडिटर उघडतो, पण त्यात प्रोग्राम चालवायला यंत्र नसतं. ते गिटहबच्याच कोडस्पेसेस या सेवेत मिळतं. वैयक्तिक खात्याला महिन्याला १२० कोअर-तास मोफत, म्हणजे दोन कोअरच्या यंत्रावर ६० तास. स्वतःचा सर्व्हर असेल तर त्यावर कोड-सर्व्हर बसवा, तो व्हीएस कोड ब्राउझरमध्ये उघडून देतो. या सगळ्यांच्या मुळाशी असलेला मोनॅको एडिटर मोबाइल ब्राउझरसाठी नाही, असं त्याचे कर्तेच सांगतात, आणि बोटाने मजकूर निवडायला गेलात की ते पटतं. कीबोर्ड व ट्रॅकपॅड असेल तर तो छान चालतो. नुसत्या बोटांसाठी कोडमिरर ६ या दुसऱ्या लायब्ररीवर उभा असलेला एडिटर शोधा. आयपॅडवर एडिटरचं पान होम स्क्रीनवर टाकून तिथून उघडा, म्हणजे पत्त्याची पट्टी जाऊन पूर्ण पडदा मिळतो.

वेबची पानं बनवणाऱ्यांसाठी एक वेगळी अडचण आहे. आयपॅडच्या सफारीत किंवा अँड्रॉइडच्या क्रोममध्ये पानाची चिरफाड करून पाहण्याची साधनं नाहीत. त्यासाठी टॅबलेट संगणकाला जोडावा लागतो. पानातच एरुडा ही स्क्रिप्ट घातली तर कन्सोल दिसतो, पण सीएसएसशी (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेशी) तासन्‌तास झुंजायचं असेल तर विंडोजचा टॅबलेटच बरा.

मी कुणाला काय सुचवेन

घरात दुसरा संगणक नाही आणि प्रोग्रामिंग हेच मुख्य काम, तर विंडोज; खरं तर टॅबलेटऐवजी साधा लॅपटॉप. हाती मोजके पैसे, पायथन किंवा सी शिकायचं आहे, इंटरनेटचा भरवसा नाही, तर अँड्रॉइड, टर्मक्स आणि साधा ब्लूटूथ कीबोर्ड. नोकरीत सर्व्हर मिळालेला आहे, नेट पक्कं आहे, आणि वाचन, तपासणी, दुरुस्त्या यांतच बराच वेळ जातो, तर आयपॅड. लहान मुलांसाठी यातलं काहीच महत्त्वाचं नाही. ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायचं स्क्रॅच जानेवारी २०१९ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून टॅबलेटच्या ब्राउझरमध्ये चालतं, आणि ठोकळे ओढण्याचं काम बोटांना माउसपेक्षा सहज जमतं.

आयपॅड घ्या की अँड्रॉइड, काम सुरू करण्याआधी फाइली राहतात कुठे ते पाहून ठेवा. टर्मक्स काढून टाकलं की त्याचं होम फोल्डरही जातं, ए-शेल आणि आयएसएचचंही तसंच. पहिल्याच दिवशी गिटची एसएसएच किल्ली बनवून दूरच्या रिपॉझिटरीला (सर्व्हरवरच्या कोडच्या साठ्याला) जोडा, आणि एक पुश करून, म्हणजे बदल तिकडे पाठवून, तो पोहोचल्याची खात्री करून घ्या.