हिरोशिगेच्या नावाखाली 1,82,200 येन गेले

टोकियोतल्या मंडळींनो, जुनी जपानी चित्रं घ्यायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा.

चित्र हिरोशिगेचं, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या जपानी चित्रकाराचं, एदोच्या (जुन्या टोकियोच्या) शंभर दृश्यांच्या मालिकेतलं. सुमिदा नदी, कडेला बहरलेला साकुरा, लांबवर त्सुकुबा डोंगर. खरेदी-विक्रीच्या एका ॲपवरच्या जाहिरातीत एवढंच: 'हिरोशिगे, 1856'. 2,20,000 येन सांगितले, घासाघीस केल्यावर विक्रेता 1,80,000 वर आला. पैसे ॲपबाहेर, थेट खात्यात. आणि चित्र निघालं नकली. पार्सलचे 1,650 आणि बँकेचे 550 वेगळे.

मी डोळे मिटून घेतलं नव्हतं. त्या काळचा सरकारी मंजुरीचा शिक्का, तारखेचा शिक्का, प्रकाशक उओया एइकिचीचं नाव, सगळं ताडून पाहिलं. पण नकलेत शिक्केही जसेच्या तसे येतात, त्यांवर विसंबू नका. मग पाठीमागचा फोटो मागितला. तिथेच कळायला हवं होतं! म्हणे, "कागद जुना आहे, फ्रेम उघडली तर फाटेल." अहो, अशी चित्रं छापताना रंग लावलेल्या लाकडी ठशावर कागद ठेवून बारेनने (हातात धरायच्या चपट्या गादीने) घासतात, रंग आत मुरतो, पाठीवर उमटतो. पाठ हाच तर पुरावा आणि नेमकी तीच त्याने झाकली. पण दीडशे वर्षांहून जुना कागद फाटेल म्हटल्यावर कोण हट्ट धरेल?

घरी फ्रेम उघडली तर पाठ पांढरीफटक. भिंग लावलं तर नदीच्या निळ्यात नुसते ठिपके. ठशावर हाताने पुसून आणलेली छटा अशी ठिपक्यांत फुटत नाही. सरळसरळ ऑफसेट, म्हणजे यंत्रावरची छपाई! जिम्बोचोतल्या, म्हणजे जुन्या पुस्तकांच्या बाजारातल्या, एका दुकानदाराने फ्रेमसकट 2,000 येन किंमत केली.

पोलीस चौकीत ऐकवलं की हा तुमच्या दोघांतला व्यवहार. साल चित्राचं लिहिलंय, छपाईचं नाही. चॅटमध्ये विक्रेता 'त्याच काळातली छपाई' म्हणाला होता, ते वाचायचीही तसदी पोलिसांनी घेतली नाही. बँक म्हणते, खातं गोठवायला पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, आधी बँकेत जा. ग्राहक हेल्पलाइनवर गोड आवाजात सांगितलं की आठ दिवसांत परत करायची सवलत ऑनलाइन खरेदीला नाही. ॲपवाले व्यवहार बाहेर झाला म्हणून हात वर करतात. मग हा माणूस तुमच्याच ॲपवर दुकान मांडून बसलाय, त्याचं काय? चोर मोकळा आणि कागद घेऊन दारोदार फिरायचं मी!

पाठ दाखवत नसेल तर तिथेच विषय संपवा. ऑफसेटचे ठिपके पाहायला दहा पटीचं भिंग पुरतं. पण ठसे नव्याने कोरून काढलेल्या प्रतींची पाठही रंगलेली असते, तेव्हा जाणकाराने फ्रेमबाहेर पाहिल्याशिवाय एक येनही देऊ नका.

तेच फोटो आता दुसऱ्या नावाने पुन्हा लागलेत, किंमत 2,40,000. कुणाचं बोलणं चालू असेल तर पैसे पाठवू नका, मला लिहा, चॅट आणि भिंगातले फोटो देतो.